‘आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं’ : छत्तीसगडच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
छत्तीसगड शासन, रायपूर



2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या परिशिष्टात हिमोफिलियाची व्याख्या दिली आहे. वंशपरंपरेने येणारा, सहसा फक्त पुरुषांना होणारा, पण बायकांकडून त्यांच्या मुलग्यांकडे जाणारा आजार, असा तिचा आशय. दुखणं मुलाचं, आई नुसती पोचवणारी. व्याख्या लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसणार. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत तसंच होतं, ते तसंच उतरलं. पण सरकारी कागदावरचं वाक्य खालपर्यंत झिरपतं. रक्त न थांबणारा मुलगा दवाखान्यात आला की त्याचा फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, तपासतात, त्याला इंजेक्शन मिळतं, आणि सोबत आलेली बहीण बाकावर बसून राहते. तिला कुणी विचारत नाही, की बाई, तुझ्या अंगावरून किती जातं?

त्या बाकावरच्या मुलीसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहते. नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काढली, आता निवृत्त आहे. नागपूरकर बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत. तात्यापाऱ्यात, आमच्या पाऱ्यात अजूनही दिवाळी अंक हातोहात फिरतात, म्हणून पत्र मराठीत. हिंदी प्रत आपल्या कार्यालयात वेगळी देत आहे. मी डॉक्टर नाही. पण गल्लीतल्या बायका रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतात, ‘काकू, हे ठळक अक्षरात का छापलंय?’ असं विचारायला. मग चहा होतो आणि रिपोर्टात नसलेलं बरंच काही कळतं.

अशीच एक अकरावीतली मुलगी. ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलून सांगते. आई रिपोर्ट घेऊन आली, हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन. आदल्या वर्षीही साडेसातच्या आसपास. मधल्या काळात लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सगळं झालं होतं. मी विचारलं, पाळी किती दिवस चालते? ‘आठ-नऊ. पण काकू, आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं. माझं, माझ्या बहिणीचं, आईचंसुद्धा.’ मुलगी कोचिंगला जाताना दोन पॅड एकावर एक लावते, वर गडद सलवार, आणि बाकावर अंथरायला दप्तरात जुन्या टॉवेलची घडी. पाळीच्या आदल्या दिवसापासून पोट इतकं दुखतं की गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडून राहते. फरशीवर का, तर पलंगावरची चादर खराब होईल. एकदा अपेंडिक्स असेल म्हणून सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. तेव्हापासून तिच्या दुखण्याला घरात ‘नाटक’ म्हणतात.

उन्हाळ्यात घोळणा फुटतो का, असं विचारल्यावर आई हसली. ‘तो तर हिच्या बाबांचाही फुटतो. उष्ण पडतं त्यांना. कांदा हुंगवला की थांबतो.’ बाबांची अक्कलदाढ काढली तेव्हा ते तीन दिवस कापसाचा बोळा दाताखाली धरून बसले होते, ही बातमी मात्र चपला घालता घालता, उंबऱ्यात मिळाली.

वंशपरंपरेचं दुखणं घरात लपून राहतं ते असं. मुलीची पाळी जास्त की कमी, हे ठरवायला घरात माप एकच, आईची आणि मावशीची पाळी. त्यांनाही तेच दुखणं असेल तर मापच चुकीचं. तिथे ‘सगळ्यांचंच असं’ हे वाक्य खरं असतं, आणि खरं असल्यामुळेच घातक ठरतं. बरं, आईकडच्या बायकांना विचारून भागत नाही. रक्तस्रावाच्या वंशागत आजारांत सर्वांत जास्त आढळणारा आहे वॉन विलेब्रँड आजार, आणि तो बापाकडूनही तितकाच येतो. बापाला पाळी नसते, त्यामुळे त्याचं रक्त उन्हाळ्याच्या नावावर खपून जातं.

या आजाराचं नाव पडलं त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. फिनलंडच्या एरिक वॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे 1924 मध्ये ऑलंड बेटांवरून एक पाच वर्षांची मुलगी आली, यॉर्दिस तिचं नाव. तिच्या काही बहिणी रक्त न थांबल्याने लहानपणीच गेल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्या घराण्यातल्या 66 जणांची चौकशी केली, त्यांत 23 जणांना रक्तस्रावाचा त्रास होता आणि बायकांमध्ये तो जास्त दिसत होता. 1926 मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की हा हिमोफिलिया नव्हे, काही वेगळंच आहे. यॉर्दिस पुढे तेराव्या वर्षी गेली. तिच्या चौथ्या पाळीत.

म्हणजे या आजाराची पहिली नोंदच एका मुलीची, आणि तिचा जीव घेतला तो पाळीने. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी ‘रक्त न थांबण्याचा आजार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुडघा सुजलेला मुलगाच येतो.

आता पोटदुखीकडे येते, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे. रक्त जास्त जातं हे निदान दिसतं तरी. दुखणं दिसत नाही.

पाळीचं सगळं रक्त बाहेर पडत नाही. थोडं गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं. बहुतेक बायकांत हे होतं आणि शरीर त्याची विल्हेवाट लावतं. काही जणींत मात्र त्या रक्ताबरोबर गेलेल्या अस्तराच्या पेशी पोटात, अंडाशयावर, आतड्यालगत रुजतात, दर महिन्याला तिथेच सुजतात, तिथेच रक्त सोडतात, व्रण करतात आणि अवयव एकमेकांना चिकटवतात. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. उलट्या प्रवाहाची ही उपपत्ती अमेरिकेच्या जॉन सॅम्पसन यांनी 1927 मध्ये मांडली, वॉन विलेब्रँड यांच्या निबंधानंतर एका वर्षाने. दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत राहिले. एक रक्ताच्या डॉक्टरांच्या, दुसरा स्त्रीरोगवाल्यांच्या. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर कुणालाही प्रश्न पडेल, की जिच्या पाळीत रक्त दुप्पट आणि दिवसही दुप्पट, तिच्या पोटात उलटं उतरणारं रक्तही जास्तच नसेल का? ज्या मुलींत जन्मजात रचनेच्या दोषामुळे पाळीचा बाहेरचा मार्ग अडतो त्यांच्यात एंडोमेट्रिओसिस लवकर आढळतो, ही गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना जुनी माहीत आहे. रक्त मागे फिरलं की काय होतं, त्याचा तो एक पुरावाच.

अमेरिकेत वॉन विलेब्रँड आजाराच्या 102 बायकांची तुलना हा आजार नसलेल्या बायकांशी करणारा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला एंडोमेट्रिओसिस असल्याचं पहिल्या गटात 30 टक्के बायकांनी सांगितलं, दुसऱ्यात 13 टक्के. यावरून एकामुळे दुसरं होतं असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. ज्यांना रक्तस्राव जास्त त्या दवाखान्यात जास्त जातात, त्यांची तपासणी जास्त होते, म्हणून निदानही जास्त होत असेल. शिवाय रक्त न गोठणाऱ्या मुलीत बीज सुटतानाही अंडाशयात रक्त साचतं, त्याची गाठ होते, आणि ती गाठ एंडोमेट्रिओसिसची समजली जाऊ शकते. रक्त तर बहुतेकींच्या पोटात उतरतं, मग पेशी थोड्याच जणींच्या का रुजतात, यात प्रतिकारशक्तीचा आणि संप्रेरकांचाही हात असणार. हे सगळं धरूनही एक गोष्ट उरते. एकाच मुलीत रक्तही जास्त आणि दुखणंही जास्त असेल, तर दोन्ही तपासायला हवं. आज एक तपासलं जातं, नाहीतर एकही नाही.

आणि न तपासण्याची किंमत मोजावी लागते ती औषधाच्या दुकानात. पोट दुखतं म्हणून मुलगी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेते, घरात असेल तर अ‍ॅस्पिरिनही. एरवी पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक अ‍ॅसिड चांगलंच. पण ही औषधं प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे रक्तस्रावाचा आजार असलेल्या मुलीला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. तिला कुठे ठाऊक असतं, तो आजार आपल्याला आहे म्हणून? पुढे दुखणं थांबत नाही म्हणून दुर्बिणीने पोटात पाहायचं ठरलं, तर टेबलावर काय होऊ शकतं ते मी आपल्याला सांगायला नको.

गंमत पाहा (गंमत तरी कसली), दोन्ही दुखण्यांवरचे उपचार बऱ्याच अंशी एकच आहेत. संप्रेरकांच्या गोळ्यांनी पाळीचं रक्त कमी होतं आणि एंडोमेट्रिओसिसही आटोक्यात राहतो. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. उताको ओकामोतो या जपानी बाईंनी ते नवऱ्याच्या साथीने शोधलं, बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी. म्हणजे औषधांवाचून काही अडलेलं नाही. अडतं ते दोन ठिकाणी. घरात, ‘लग्नाआधी त्या गोळ्या?’ या प्रश्नाशी. आणि दवाखान्यात, निदानाशी.

निदानाबद्दल मी जरा अधिकाराने बोलू शकते. प्लेटलेट मोजले, पीटी-एपीटीटी या गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या केल्या आणि सगळं नॉर्मल आलं, म्हणजे वॉन विलेब्रँड आजार नाही असं होत नाही. त्यासाठी वॉन विलेब्रँड फॅक्टरचं प्रमाण, त्याचं काम आणि फॅक्टर आठ, असं वेगळं तपासावं लागतं. वॉन विलेब्रँड फॅक्टर भारी लहरी. भीतीने, तापाने, गरोदरपणात वाढतो. सुई पाहून रडणाऱ्या मुलीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. ओ रक्तगटाच्या माणसांत तो मुळातच सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो. निळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त भरलं नाही तर गोठण्याच्या चाचण्या चुकतात. आणि नमुना नीट राहावा म्हणून कुणी शहाण्याने अख्खी नळी बर्फात घालून दुसऱ्या शहरात पाठवली, तर थंडीने फॅक्टर उतरतो आणि निरोगी मुलगी आजारी ठरते. म्हणून ही चाचणी जवळ, शांतपणे, आणि एकदा नव्हे तर दोन-तीनदा व्हायला हवी. आमच्या गल्लीतल्या मुलीचा पहिला रिपोर्ट नॉर्मलच होता. दुसऱ्यात फॅक्टर कमी निघाला.

मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, आयसीएमआरची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हिमोफिलिया ए आणि वॉन विलेब्रँड आजार ओळखणारा कमी खर्चाचा किट तयार केला आहे. तो रायपूरला आणणं आपल्या एका पत्राचं काम आहे.

महोदय, रक्त तपासायचं कसं, हे छत्तीसगडला कुणी शिकवायला नको. रायपुरात सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्था आहे. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, त्यात आपलं राज्य आहेच. गावोगावी मुलीचं बोट टोचलं जातं. त्याच वेळी तोंडी पाच प्रश्न विचारले तर सुईही जास्त लागत नाही. आता मात्र उलटंच होऊन बसलं आहे. सिकलसेलचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की घरचे म्हणतात, रक्त तपासलं, काही नाही. त्या चाचणीत वॉन विलेब्रँड दिसत नाही, दिसणारही नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही.

निळ्या गोळीचंही तसंच. 10 ते 19 वर्षांच्या मुलींना आठवड्याला 60 मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी मिळते. योजना चांगलीच आहे, मी तिची थट्टा करत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 60.8 टक्के बायकांत रक्तक्षय निघाला, आणि चौथ्या फेरीत तो 47 टक्के होता. त्याची कारणं पुष्कळ, ताटापासून जंतांपर्यंत. तरी गोळ्या खाऊनही जिचं हिमोग्लोबिन चढत नाही, तिचा रांजण कुठे गळतो आहे ते एकदा वाकून पाहायला काय हरकत आहे?

वाकून पाहिलं नाही की पुढे काय होतं, तेही या राज्याने पाहिलं आहे. 2012 चं गर्भाशय कांड आपल्याला आठवत असेल. विम्याच्या पैशासाठी खेड्यातल्या बायकांची गर्भाशयं काढली गेली, पाठीत दुखतं, पांढरं जातं, लाल जातं, एवढ्या कारणावर. कॅन्सरची भीती घातली की सही मिळायची. महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, तिथल्या चौकशीत गर्भाशय काढलेल्या बायकांचा आकडा तेरा हजारांच्या पुढे गेला. त्यांतल्या किती जणींना मुळात रक्त न गोठण्याचा आजार होता, हे आता कधीच कळणार नाही. गर्भाशय काढण्याआधी रक्तस्रावाचा पूर्वेतिहास विचारल्याची नोंद केसपेपरवर हवीच, असा नियम केला तर निदान पुढच्यांचं कळेल.

मागणं मोठं नाही. आपल्या राज्यात 2002 पासून मितानिन आहेत. आशा ताई देशभर यायच्या आधीपासून त्या इथे दारोदार जात आहेत. आमच्यासारख्या काकूंशी बोलायला मुलगी जितकी लाजते, तितकी पाळीबद्दल मितानिन दीदीशी बोलायला लाजत नाही. त्यांनी मुलींना एवढंच विचारावं. पाळी सातपेक्षा जास्त दिवस चालते का? तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, रुपयाएवढ्या गाठी पडतात का? घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त, न आपटता काळंनिळं पडणं, असं काही आहे का? दाढ काढताना, बाळंतपणात, ऑपरेशनात घरातल्या कुणाला रक्त थांबलं नव्हतं का, आणि इथे बापाकडचंही विचारायचं. शेवटचा प्रश्न दुखण्याचा, पोटदुखीमुळे शाळा बुडते का? दोन-तीन ‘हो’ आले की मुलीला पुढे पाठवायचं.

पुढे कुठे? टाटीबंधचं एम्स केंद्राचं, तिथे आपला हुकूम चालत नाही. पण मेकाहारा, म्हणजे मेडिकल कॉलेजचं सरकारी रुग्णालय, आपलं आहे. महिन्यातून एक दिवस स्त्रीरोग आणि रक्तविकार या दोन्ही विभागांचे डॉक्टर एका खोलीत बसले, तर मुलीला दोन रांगांत दोनदा तेच सांगावं लागणार नाही. किशोरींच्या पाळीचा बाह्यरुग्ण विभाग अशी पाटी लावा, प्रसूतीच्या रांगेत मात्र बसवू नका. सोळा वर्षांची मुलगी तिथे पाऊलही ठेवणार नाही, आणि तिची आई त्याआधीच परत फिरेल, कुणी पाहिलं तर काय म्हणून.

राहिली कायद्याची व्याख्या. जागतिक रक्तगोठण संस्थेच्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये नवी नावं ठरवली. फॅक्टर 40 टक्क्यांच्या खाली असलेल्या स्त्रीला आता ‘वाहक’ म्हणत नाहीत, हिमोफिलियाची रुग्ण म्हणतात. पूर्वी ज्यांना नुसत्या वाहक म्हणत, त्यांच्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला हा बदल लागू पडतो. 2025 च्या जागतिक हिमोफिलिया दिनाचा, 17 एप्रिलचा, विषयही बायका-मुलींचा रक्तस्राव हाच होता. आपला कायदा मात्र 2016 च्या वाक्यावरच आहे, आणि त्यात वॉन विलेब्रँडचं नावही नाही. ते बदलणं दिल्लीतल्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं काम. पण एखाद्या राज्याने तसं लेखी मागायला हवं, आणि सिकलसेलमुळे रक्ताच्या आजारांवर दिल्लीत छत्तीसगडचं ऐकून घेतात.

प्रश्नांचा अर्ध्या पानाचा कागद सोबत जोडला आहे. हिंदीत आणि छत्तीसगढीत. छत्तीसगढी मजकूर आमच्या पाऱ्यातल्या मितानिनने तपासला, तिने ‘गाठी’चा शब्द बदलला आणि पाचवा प्रश्न पहिला घेतला. दुखण्याबद्दल आधी विचारलं तर मुली बोलतात, रक्ताबद्दल आधी विचारलं तर आया उत्तर देतात, असं तिचं म्हणणं. मला पटलं. छापताना तोच क्रम ठेवावा.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
ब्राह्मणपारा, रायपूर